तैपूसम: सिंगापूरचं आणि मलेशियाचं

देव एकच, मुरुगन. म्हणजे आपला कार्तिकस्वामी. आपल्याकडे तो ब्रह्मचारी, तिकडे दोन बायकांचा दादला! पण त्याचा तैपूसम उत्सव या दोन शेजारी देशांत फार वेगळ्या नियमांत चालतो.

मलेशियात क्वालालंपूरजवळच्या बटू केव्हज या गुहांतल्या मुरुगन मंदिरात लाखोंची गर्दी लोटते. डोक्यावर दुधाचा कलश किंवा गालातून आरपार सळई, आणि अनवाणी २७२ पायऱ्या. बऱ्याच राज्यांत सुट्टीही असते. मात्र राज्यघटनेनुसार इस्लाम हा संघराज्याचा धर्म, आणि मलय वंशाच्या माणसाच्या व्याख्येतच मुस्लिम असणं येतं. २००७ साली लीना जॉय या मलय स्त्रीला ओळखपत्रावरचा ‘इस्लाम’ शब्द सर्वोच्च न्यायालयानेही काढू दिला नाही. हिंदूला कावडी घ्यायची मोकळीक, मलय मुस्लिमाला धर्म सोडणं जवळपास अशक्य.

सिंगापूरला अधिकृत धर्मच नाही. धर्म बदला, नाहीतर सोडून द्या, सरकार विचारत नाही. साउथ ब्रिज रोडवर मारियम्मन मंदिर आणि जामे मशीद हाकेच्या अंतरावर आहेत. पण शिस्त कडक. १९६८ मध्ये सुट्ट्या कमी करताना हिंदूंपुढे दिवाळी की तैपूसम असा पर्याय आला. दिवाळी राहिली, तैपूसम गेला. मिरवणुकीतल्या वाद्यांवरही कित्येक वर्षं बंदी होती. आणि यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची नोंदणी १९७२ मध्ये रद्द झाली, कारण ते सक्तीच्या लष्करी सेवेला नकार देतात.

उत्सवापुरतं बोलायचं तर मी बटू केव्हजच निवडेन. राहायचं, आणि मनाला येईल ते मानायचं, तर सिंगापूर. ढोल थोडा हळू वाजला तरी चालेल.