‘नुकताच सर्व्हिस केलेला’ म्हणून गळ्यात मारलेला स्कुबाचा सेट

तारकर्ली-मालवणकडे स्कुबाचा धंदा वाढला, तसा जुन्या सामानाचा बाजारही वाढला. डायव्हिंग नुकतंच शिकलेल्या मुलांना नवा सेट परवडत नाही, म्हणून ती याच बाजारात येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मला 45,000 रुपयांना सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती श्वासाला देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणारं जॅकेट) आणि गेज (हवेचा दाब दाखवणारा काटा) असा सेट विकला गेला. विकणाऱ्याने सर्व्हिसिंगची छापील पावती दिली, माउथपीस तोंडात धरून श्वास घेऊन दाखवला. रेग्युलेटर उघडून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, “सील तुटेल, सगळी सर्व्हिस वाया जाईल.” हे धादांत खोटं होतं. तसं काही सील नसतंच.

श्वास घेऊन दाखवणं तर फारच फसवं. पाण्याबाहेर मरायला टेकलेला रेग्युलेटरही हवा देतो. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, दर श्वासाला हवाही दुप्पट खर्च होते. चोंदलेला फिल्टर तिथे दगा देतो.

सिलिंडर भरायला नेला, तेव्हा कॉम्प्रेसरवरच्या काकांनी खांद्यावरचा ताजा निळा रंग खरवडला. खाली शिक्के निघाले: सिलिंडर 1986 साली अमेरिकेत बनलेला, शेवटची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची मजबुती तपासणं) 2009 ची. ही टेस्ट दर पाच वर्षांनी लागते. “ह्यो मी भरूचंय नाय,” काका म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. त्या काळच्या बऱ्याच ॲल्युमिनियम सिलिंडरांचा मिश्रधातू 6351 प्रकारचा असे. वर्षानुवर्षं दाब सोसून त्याच्या गळ्याशी, आट्यांजवळ भेगा जातात. असे सिलिंडर भरताना फुटलेले आहेत, आणि तेव्हा जवळ उभा असतो तो भरणारा. शिवाय आपल्याकडे सिलिंडरला नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटक नियंत्रक खात्याची मंजुरी लागते. तिचा पत्ताच नव्हता.

मग रेग्युलेटर तंत्रज्ञाकडून उघडून घेतला. पावतीत ‘सर्व ओ-रिंग (सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) नवीन’ असं लिहिलेलं. आत त्या चपट्या, कडक झालेल्या आणि मिठाने माखलेल्या. फिल्टर हिरवा, म्हणजे आत समुद्राचं पाणी शिरलेलं. (तांबूस असता, तर पोलादी सिलिंडरचा गंज.) मॉडेल बंद पडलेलं, सुट्या भागांचं किट मिळत नाही. पावतीवर ज्या सेंटरचं नाव होतं, त्यांनी ती आपली नसल्याचं लेखी दिलं.

तुम्ही घ्यायला जाल, तेव्हा रेग्युलेटरच्या पहिल्या स्टेजवर (सिलिंडरला जोडला जाणारा भाग) टोपी घट्ट बसवून माउथपीसमधून ओढून पाहा. हवा आली, तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा उच्छ्वासाची झडप गळतेय. होज (हवेची नळी) धातूच्या टोकाशी वाकवून भेगा बघा. इंटरमीजिएट दाब (पहिल्या स्टेजमधून पुढे नळीत जाणाऱ्या हवेचा) गेज लावून पाहा, तो साधारण 9 ते 10 बारवर स्थिर राहायला हवा. काटा हळूहळू चढत गेला, तर आतली सीट (झडप बंद करणारा भाग) गेली. बीसीडी पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा आणि इन्फ्लेटरचं (जॅकेटमध्ये हवा भरणारं) बटण पुन्हा पुन्हा दाबा. ते अडकलं, तर माणूस वेगाने वर फेकला जातो, आणि घाबरून श्वास रोखला, तर फुप्फुसं फाटू शकतात. पैसे मात्र तंत्रज्ञाने सगळं उघडून पाहिल्यावरच द्या.

विकणाऱ्याने माल परत दिल्यास निम्मे पैसे देतो म्हटलं. मी दिला नाही; तो उद्या दुसऱ्या पोराला विकला गेला असता. फोटो आणि सेंटरचं पत्र जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. रेग्युलेटर पुरावा म्हणून ठेवलाय, सिलिंडर व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवलाय. तक्रार निकाली निघाली की त्याचे तुकडे करून घेणार आहे.