वेगाचं पुरे झालं, डिस्कचं बोलू: पिप सोडून यूव्हीवर आल्यानंतर

पिप आणि यूव्ही ही दोन्ही पायथनची पॅकेजेस बसवणारी साधनं; पिप जुनं, यूव्ही नवं. यूव्ही किती वेगवान आहे हे सांगायला मी बसलेलो नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ते आलं तेव्हापासून जो तो तेच सांगतोय. रस्ट भाषेत लिहिलंय, पायथन कोड तपासणारं रफ बनवणाऱ्यांचंच आहे, हेही तुम्हाला ठाऊक असणार. मला वेगाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. पिपची पॅकेजेस उतरेपर्यंत माझा चहा होतो, आणि चहा मला तसाही हवाच असतो.

मी वळलो तो 256 जीबीच्या एसएसडीपायी. लॅपटॉप जुना आहे, पण चालतोय म्हणून बदलत नाही. क्लायंटची कामं छोटी छोटी, प्रत्येकाचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता पॅकेजेसचा स्वतंत्र संच) वेगळं, आणि बऱ्याच ठिकाणी पायटॉर्च ही मशीन लर्निंगची अवजड लायब्ररी. लिनक्सवर नुसतं 'पिप इन्स्टॉल टॉर्च' म्हटलं की मागून एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठीच्या कूडा लायब्रऱ्यांची अख्खी वरात येते. माझ्या लॅपटॉपला एनव्हिडियाचं कार्डच नाही, तरी येते. प्रत्येक प्रोजेक्टमागे काही जीबी असेच जातात. शेवटी ऐन डिलिव्हरीच्या आदल्या रात्री टर्मिनलवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' झळकलं. नव्या एसएसडीचा भाव पाहिला, तो टॅब बंद केला आणि यूव्ही टाकलं.

पिपलाही कॅश (उतरवलेलं साठवून ठेवायची जागा) असते, पण ती पुन्हा डाउनलोड करण्यापासून वाचवते, एवढंच. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये व्हील (पॅकेजची झिपसारखी फाइल) नव्याने उलगडलं जातं आणि तिथे त्याची स्वतंत्र प्रत बसते. यूव्ही व्हील एकदाच कॅशमध्ये उलगडतं आणि माझ्या लिनक्सवर तिथून प्रोजेक्टमध्ये हार्ड लिंक करतं. (मॅकवर हार्ड लिंकऐवजी क्लोन होतो, पण जागा तशीच वाचते.) म्हणजे डिस्कवर फाइल एकच, नावं अनेक. तीच टॉर्च दहा प्रोजेक्टमध्ये असली तरी जागा एकीचीच.

कागदावर हे छान वाटलं. मग फोल्डरची जागा मोजणाऱ्या 'डीयू' कमांडने एकेक व्हेन्व्ह (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं) फोल्डर मोजलं, तर आकडे पिपच्या वेळी होते तेवढेच! डोकं सटकलं. पिपवर परत जायच्या बेतात होतो, तेवढ्यात डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ' चालवून पाहिलं. मोकळी जागा जवळजवळ हललीच नव्हती. 'डीयू'ला एकेक फोल्डर वेगवेगळं दिलं की ते प्रत्येक वेळी तीच फाइल पुन्हा मोजतं. सगळी फोल्डर्स एकाच कमांडमध्ये दिली की हार्ड लिंक एकदाच धरतं. तेव्हा मोजायचं तर 'डीएफ'नेच मोजा, नाहीतर माझ्यासारखी फुकटची चिडचिड होईल.

इथपर्यंत मी याला पाचपैकी पाच दिले असते. पुढच्या प्रकरणाने एक गुण कापला.

हार्ड लिंक एकाच फाइलसिस्टिमच्या आत होते, दोन पार्टिशनांमध्ये होत नाही. हा काही यूव्हीचा दोष नव्हे, तो लिनक्सचा आणि एकूणच डिस्कचा नियम आहे. पण यूव्हीची कॅश मुळात होम फोल्डरमध्ये असते आणि माझ्यासारखे काटकसरी लोक प्रोजेक्ट्स दुसऱ्या पार्टिशनवर किंवा जुन्या हार्ड डिस्कवर ठेवतात. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरून कोड सी ड्राइव्हवर ठेवणाऱ्यांचंही तेच होतं. अशा वेळी यूव्ही काय करतं? निमूटपणे पूर्ण कॉपी करतं. म्हणजे कॅशमध्ये एक प्रत आणि वर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एकेक. ज्या कारणासाठी आलो तेच नाहीसं!

इशारा देतं, नाही असं नाही. पण तो वाचलात का? हार्ड लिंक जमली नाही, पूर्ण कॉपी करतोय, यामुळे परफॉर्मन्स कमी होऊ शकतो. परफॉर्मन्स! अरे, माझी डिस्क गिळतोयस ते सांग ना. पुढे सल्ला काय, तर हे मुद्दाम केलं असेल तर लिंक मोड (फाइल प्रोजेक्टमध्ये कशी आणायची ते ठरवणारी सेटिंग) 'कॉपी' करा, म्हणजे हा इशारा दिसणार नाही. कॅश प्रोजेक्टच्या पार्टिशनवर हलवा, हा साधा उपाय त्या ओळींत नाही. तो डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. कॅशची जागा ठरवणारं 'यूव्ही कॅश डिर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये (टर्मिनलच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) एका ओळीत टाकलं, जुनी एन्व्हायर्नमेंट्स पाडून 'यूव्ही सिंक' या कमांडने पुन्हा उभी केली, आणि जागा परत मिळाली. एका ओळीचं काम. पण ज्याला माहीत नाही तो आयुष्यभर दुप्पट जागा भरत राहील आणि वर 'काय वेग आहे' म्हणत टाळ्या वाजवेल.

हार्ड लिंकचं आणखी एक लफडं आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलाने बग शोधताना साइट-पॅकेजेसमध्ये (लायब्रऱ्या बसवल्या जातात त्या फोल्डरमध्ये) शिरून एका लायब्ररीच्या फाइलमध्ये नॅनो एडिटरने एक प्रिंट टाकला. पिपच्या जमान्यात आपण सगळे हे करत आलोय. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन: "दादा, हा दुसराच प्रोजेक्ट आहे, इथे माझा प्रिंट कसा काय छापतोय?" कारण फाइल एकच! एका ठिकाणी बदलली की कॅशमध्येही बदलली आणि त्या आवृत्तीला जोडलेल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्येही. उपाय सोपा आहे. त्या पॅकेजपुरती कॅश साफ करायची आणि ते पुन्हा टाकायचं. साइट-पॅकेजेसमध्ये हात घालायची सवय असेल तर त्या प्रोजेक्टपुरता लिंक मोड 'कॉपी' ठेवा.

आणि जागा कमी पडली म्हणून 'यूव्ही कॅश क्लीन' मारू नका. हे उलटं वाटेल, पण ज्या फाइल्स प्रोजेक्टला जोडलेल्या आहेत त्यांची जागा कॅश पुसून सुटत नाही, कारण दुसरं नाव अजून जिवंत असतं. वर पुढचा प्रोजेक्ट तीच टॉर्च नव्याने डाउनलोड करणार आणि ती जुन्यांशी जोडलेली नसणार. साफसफाई करून जागा वाढायच्या ऐवजी घटते. मी फक्त कॅशमधल्या निरुपयोगी नोंदी काढणारं 'कॅश प्रून' चालवतो आणि बंद पडलेल्या कामांची व्हेन्व्ह फोल्डर्स उडवतो. लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) असली की 'यूव्ही सिंक'ने सगळं परत उभं राहतं, त्यामुळे उडवताना हात थरथरत नाही. लॉक फाइलबद्दल वेगळं लिहायला हवं खरं, पण ती जशी चालायला हवी तशी चालते, त्यावर भांडायला काही सापडलं नाही.

बाकीचं थोडक्यात. नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतं. सवयीने 'पिप इन्स्टॉल' टाइप केलं की सिस्टिमचं पिप जागं होतं आणि उबुंटूवर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'चा फलक दाखवून हाकलून देतं. पिप हवंच असेल तर एन्व्हायर्नमेंट बनवताना 'सीड' पर्याय द्या. 'यूव्ही पिप इन्स्टॉल'ने हातानं टाकलेलं पॅकेज पुढच्या 'यूव्ही सिंक'ला गायब होतं, कारण लॉकमध्ये नाही ते सिंक काढून टाकतं. टिकवायचं असेल तर 'यूव्ही ॲड'च करायचं. वेगाबद्दल एकच टोमणा मारतो. पिप इन्स्टॉल करतानाच बाइटकोड (पायथन प्रत्यक्षात चालवतं ते कोडचं रूप) बनवून ठेवतं, यूव्ही आपणहून बनवत नाही. त्यामुळे पहिल्यांदा इम्पोर्ट करताना जड लायब्रऱ्या रेंगाळतात. ते काम कोणीतरी कधीतरी करणारच होतं.

टॉर्चचं म्हणाल, तर कार्ड नसलेल्या मशीनवर पायटॉर्चचा सीपीयूचा वेगळा इंडेक्स (कूडाविना पॅकेज मिळतं तो पत्ता) पायप्रोजेक्ट या प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एकदाच नोंदवून ठेवा. हे पिपलाही जमायचं, पण आम्ही दर वेळी कमांडमध्ये तो लांबलचक पत्ता चिकटवायचो आणि कोणीतरी विसरायचंच.

एका क्लायंटच्या सर्व्हरवर अजून पिपच आहे, तिथले लोक बदलायला तयार नाहीत. त्यांना मी 'यूव्ही एक्स्पोर्ट'ने रिक्वायरमेंट्स फाइल (पिपला वाचता येणारी पॅकेजेसची यादी) काढून देतो. त्यांना फरक कळलेला नाही, आणि सांगायची मला काही घाई नाही.