चाटी गल्लीत प्रिंटर, जुळे सोलापुरातून प्रिंट: सात महिन्यांचा वापर

प्रिंटर आहे एचपी लेझरजेट १०२०. तो सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानात, बिलं बनतात जुळे सोलापुरातल्या घरी. मधे सर्व्हर म्हणून एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), कप्स (प्रिंटची कामं रांगेत लावून प्रिंटरला देणारी प्रणाली) आणि टेलस्केल (घर आणि दुकानातली यंत्रं इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर). इंटरनेटवरून प्रिंट देण्याची गूगलची सेवा, क्लाउड प्रिंट, ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. त्यानंतर असल्या यूएसबी प्रिंटरला बाहेरून प्रिंट द्यायचा इतका स्वस्त मार्ग मला दुसरा दिसत नाही.

जोडणी सोपी आहे. कप्समध्ये शेअरिंग चालू करायचं आणि १००.६४.०.०/१० या टेलस्केलच्या पत्त्यांना परवानगी द्यायची. सर्व्हरला आयपीऐवजी नावाने जोडणार असाल तर कप्सच्या सेटिंगमध्ये सर्व्हरअलायस (म्हणजे सर्व्हरचं ते नाव) टाका, नाहीतर 'बॅड रिक्वेस्ट' येतं. टेलस्केलवरून प्रिंटर आपोआप सापडत नाही, अँड्रॉइडमध्ये पत्ता हाताने भरावा लागतो. कागद ए-४ आहे ना ते तपासा; लेटर राहिला तर बिलाची खालची ओळ कापली जाते. राउटरवर ६३१ पोर्ट (कप्सचं नेटवर्कवरचं दार) मात्र अजिबात उघडू नका, आणि कप्स-ब्राउज्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा कप्सचा जोडीदार प्रोग्रॅम) बंद करून टाका. त्यातल्या त्रुटी सप्टेंबर २०२४ मध्ये जगजाहीर झाल्या आहेत.

आता खरं दुखणं. सर्व्हर आणि राउटर छोट्या यूपीएसवर असतात, लेसर प्रिंटर थेट लाइनवर. फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा तापणारा भाग) तापताना एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस तिथेच बसतो, म्हणून दुसरा इलाज नाही. परिणाम असा की लाइट गेली की प्रिंटर मरतो, सर्व्हर जिवंत. पान अर्धवट असेल तर कप्स चूक धरतं आणि प्रिंटची अख्खी रांगच थांबवतं. लाइट परत आली, हिरवा दिवा लागला, तरी पान येत नाही. घरी फोनवर 'पाठवलं' दिसतं, दुकानात गाडीवाला बिलासाठी उभा. सर्व्हरवर एलपीस्टॅट (रांगेची स्थिती दाखवणारी आज्ञा) लावलं की 'डिसेबल्ड' दिसतं. कप्सइनेबल (रांग पुन्हा सुरू करणारी आज्ञा) दिलं की सगळी बिलं धडाधड बाहेर.

कारण एकच: एरर पॉलिसी, म्हणजे चूक झाली की कप्सने काय करायचं ते सेटिंग, मुळातच 'स्टॉप-प्रिंटर' असते. सुरुवातीला मी सगळ्यांना 'रिट्राय-करंट-जॉब' सुचवत होतो. ते चुकीचं होतं, मागे घेतो. त्यात काम लगेच आणि न थांबता पुन्हा पुन्हा पाठवलं जातं, तेही पहिल्या पानापासून. चाळीस पानांच्या खातेउताऱ्यात तिसाव्या पानावर लाइट गेली तर तीस पानं वाया.

म्हणून एकाच प्रिंटरच्या दोन रांगा करा. 'बिल' नावाच्या रांगेला 'रिट्राय-जॉब' (काम थोड्या वेळाने पुन्हा पाठवायचं), आणि कप्सच्या मुख्य फाइलमध्ये जॉबरिट्रायइंटरव्हल १२० (दर १२० सेकंदांनी), जॉबरिट्रायलिमिट ६० (साठ वेळा). म्हणजे दोन तास दम धरतो. दोन मिनिटांची उसंत यासाठी, की १०२० प्रिंटर फर्मवेअर (तो चालवणारा आतला प्रोग्रॅम) स्वतःकडे साठवत नाही. दर वेळी चालू झाला की सर्व्हरकडून घेतो. दुसऱ्या, 'मोठे' नावाच्या रांगेला 'अबॉर्ट-जॉब': काम रद्द होतं, उरलेली पानं नंतर आपण निवडून काढायची. हा बदल केल्यापासून रांग एकदाही हाताने सुरू करावी लागलेली नाही, रद्दीही कमी झाली.

दोन गोष्टी आधीच उरकून ठेवा. टेलस्केलच्या चावीची (यंत्राला त्या नेटवर्कमध्ये राहू देणाऱ्या ओळखीची) मुदत साधारणपणे १८० दिवसांची असते; सर्व्हरपुरती ती मुदत ॲडमिन पानावर बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी सर्व्हर गप्प होतो आणि आपण प्रिंटरची केबल हलवत बसतो. दुसरं, डेबियनची आवृत्ती बदलताना एचपीलिप (लिनक्ससाठी एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) बदललं तर एचपी-प्लगइन (त्याचा वेगळा बसवायचा भाग) त्याच आवृत्तीचं पुन्हा बसवावं लागतं. ते राहिलं तर फर्मवेअर चढत नाही, आणि बिलाचं पान येत नाही.