टॅक की पीबॅड: प्रोजेक्टसाठी कोणता प्रमोटर घ्यावा

ई. कोलाय या जिवाणूकडून प्रोटीन बनवून घ्यायचंय, पण टी७ या प्रमोटरच्या (जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) वाटेला जायचं नाही, असं म्हटलं की गाडी बहुतेक टॅक आणि पीबॅड या दोन प्रमोटरपाशी येते. महापेच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये नेरूळ-ठाण्याकडून प्रोजेक्टला येणारी मुलंही हेच विचारतात. मी दोन्ही वापरलेत. सध्या माझ्या फ्रीजरमध्ये पीबॅडच जास्त आहे, आणि त्याचं कारण डीएनएच्या बारा अक्षरांत सापडतं.

जीनची आरएनए प्रत काढणारं पॉलिमरेज डीएनएवर कुठे बसेल, ते त्याचा सिग्मा-७० हा भाग ठरवतो. त्याला आवडतं ते असं: प्रत जिथून सुरू होते त्याच्या ३५ अक्षरं आधी (उणे ३५ला) टीटीजीएसीए, १० अक्षरं आधी (उणे १०ला) टीएटीएएटी, मध्ये १७ बेस, म्हणजे अक्षरं. टॅकमध्ये ट्रिप्टोफॅन प्रमोटरचा उणे ३५ आणि लॅक-यूव्ही५चा (लॅक प्रमोटरच्या एका सुधारित प्रकाराचा) उणे १० जोडलाय, त्यामुळे बाराच्या बारा अक्षरं जुळतात. मधलं अंतर तेवढं १६. १९८३मध्ये डी बोअर आणि सहकाऱ्यांनी तो मांडला, तेव्हा त्याची ताकद लॅक-यूव्ही५च्या सुमारे ११ पट भरली होती. प्रोटीन निरुपद्रवी असेल आणि भरपूर हवं असेल, तर टॅक सोडायचं काही कारण नाही. आयपीटीजी (टॅक चालू करणारं रसायन) टाका, जेलवर प्रोटीनचा जाडजूड बँड बघा.

माझं बिनसलं ते आयपीटीजी टाकण्याआधीच. आमचं प्रोटीन पेशीला झेपणारं नव्हतं. ट्रान्सफॉर्मेशनच्या (जीन असलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, पेशींत घालण्याच्या) प्लेटवर चार-दोन टपोऱ्या कॉलनी आणि बाकी सगळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या. टपोऱ्या उचलून मिनिप्रेप करावा (प्लाझ्मिड बाहेर काढावं), तर आतला जीन बिघडलेला. बारक्या उचलाव्यात, तर सकाळपर्यंत कल्चर धड गढूळसुद्धा होत नाही. ट्रिप्टोनचा (पेशींच्या मीडियातल्या खाद्याचा) नवा डबा फोडला की हा त्रास वाढायचा. ट्रिप्टोन दुधाच्या केसिनपासून बनतं, त्यात लॅक्टोजचा अंश राहू शकतो, आणि लॅक रिप्रेसर (टॅक बंद ठेवणारं प्रोटीन) सैल व्हायला तेवढा पुरतो.

यावर उपाय आहेत. प्लाझ्मिडवर लॅकआय-क्यू (जास्त रिप्रेसर बनवणारा जीन) ठेवा, मीडियात १ टक्का ग्लुकोज घाला. दोन्ही केलं, गळती कमी झाली, थांबली मात्र नाही. माझ्या मते मूळ दुखणं सीक्वेन्समध्येच आहे. रिप्रेसर क्षणभर सुटला की पॉलिमरेज टपलेलंच असतं, कारण जागा अगदी त्याच्या मनासारखी.

पीबॅडमध्ये गणित उलटं. अरॅबिनोज या साखरेने चालू होणाऱ्या या प्रमोटरचा उणे ३५ सीटीजीएसीजी, उणे १० टीएसीटीजीटी. आदर्शाशी ताडून पाहा: १२पैकी ७च अक्षरं जुळतात. पॉलिमरेजला तिथे आपणहून बसायला फारसा उत्साह नसतो. अरॅबिनोज धरलेल्या अरासी या प्रोटीनने त्याला आणून बसवावं लागतं. अरॅबिनोज नसताना तोच अरासी सुमारे २१० बेसच्या अंतरावरच्या दोन जागा पकडून डीएनएचा फास घालतो. त्यात ग्लुकोज घातलं की सीएएमपी (प्रमोटरला चालना देणारा पेशीतला निरोप्या रेणू) घटतं आणि उरलीसुरली मदतही जाते. तोच जीन पीबॅडमध्ये घातल्यावर आमच्या प्लेटवर सगळ्या कॉलनी एका मापाच्या आल्या. हे काही मोजमाप नव्हे, पण मला तेवढं पुरलं.

कटकटी इथेही आहेत. बँड टॅकपेक्षा बारीक येतो, निदान आमच्याकडे. अरॅबिनोज खाऊन टाकणारा स्ट्रेन चालत नाही, टॉप१०सारखा न खाणारा लागतो. आणि अरॅबिनोज कमी टाकलं म्हणून प्रत्येक पेशी थोडं थोडं प्रोटीन करेल, असंही होत नाही: काही पेशी पूर्ण चालू, काही पूर्ण बंद, कारण अरॅबिनोज आत ओढणारे जीन स्वतःच अरॅबिनोजवर चालतात. पेशीगणिक नेमकी मात्रा हवी असेल तर माझ्या आवडीवर विसंबू नका.

तरीही ठरत नसेल, तर जीन टॅकमध्ये घाला आणि आयपीटीजीशिवाय एक प्लेट रात्रभर ठेवा. कॉलनी सारख्या आल्या तर टॅकच राहू द्या. लहानमोठ्या आल्या, तर आयपीटीजीचं प्रमाण बदलत आठवडे घालवू नका. त्याच दिवशी पीबॅडचे प्रायमर मागवा.