नौपाड्यातली एन्झाइम कायनेटिक्सची दोन रविवारची बॅच: सर एक नंबर, झेरॉक्स डेंजर

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रार पण आहे आणि सरांशी माझं काही वाकडं नाही. ठाणे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, दोन रविवार दहा ते दोन, फी १८००. मी ऐरोलीत राहते, नोकरी रबाळ्याला क्यूसीमध्ये (क्वालिटी कंट्रोल), एमएस्सी होऊन सहा वर्षं झाली आणि आता परत नेट परीक्षा द्यायचं खूळ डोक्यात शिरलंय. बॅच एन्झाइम कायनेटिक्सची, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया भराभर घडवणारी एन्झाइम्स किती वेगाने काम करतात त्याचं गणित. कॉलेजात इन्हिबिशनचे, म्हणजे एन्झाइमचं काम अडवण्याच्या प्रकारांचे, ते तीन ग्राफ मी तोंडपाठ करून पास झाले होते. काँपिटिटिव्हमध्ये केएम वाढतो, व्हीमॅक्स तसाच, लिहा आणि मार्क घ्या, का ते विचारायचं नाही.

पहिल्या रविवारी ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक, त्यामुळे बस-रिक्षा करत वीस मिनिटं उशिरा पोचले आणि बसायला जागाच नाही. चौदा जणांच्या खोलीत आम्ही बावीस! एसी एक, तोही सरांच्या डोक्यावर. फोनवर विचारलं तेव्हा "लिमिटेड सीट्स" म्हणाले होते, ते लिमिट नक्की कोणतं ते कळलं नाही.

पण सरांनी शिकवायला घेतलं आणि मी एसी विसरले, खरंच. म्हणाले, तलावपाळीजवळचं मिसळीचं हॉटेल धरा, खुर्च्या वीस. खुर्च्या म्हणजे एन्झाइम, गिऱ्हाईक म्हणजे सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याच्यावर काम करतं ते), तासाला निघणाऱ्या प्लेटा म्हणजे रेट. गिऱ्हाईक वाढेल तशा प्लेटा वाढतात, पण सगळ्या खुर्च्या भरल्या की लाइन पार रस्त्यावर गेली तरी तासाला तेवढ्याच प्लेटा, तो व्हीमॅक्स. आणि जेवढ्या गर्दीला निम्म्या खुर्च्या भरतात ती गर्दी म्हणजे केएम. मग पोरांना विचारलं, व्हीमॅक्सच्या दहा टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर जायला गर्दी किती पट लागेल? सगळे म्हणाले नऊ पट. उत्तर ८१ पट! दहा टक्क्यांना केएमचा नववा भाग पुरतो, नव्वदला केएमच्या नऊ पट लागतं. हे मी समीकरणात आकडे घालून घरी परत करून बघितलं, बरोबर आहे.

आता एक माणूस येतो, खुर्ची अडवतो आणि काहीच खात नाही, नुसता पेपर वाचतो, हा काँपिटिटिव्ह इन्हिबिटर. खाणारे भरपूर आले तर त्याला खुर्ची मिळणं अवघड होत जातं, म्हणून व्हीमॅक्स शाबूत राहतो, फक्त तिथे पोचायला जास्त गर्दी लागते. मिथेनॉलची विषबाधा झालेल्याला इथेनॉल देतात ते ह्याच तत्त्वावर, दोघांना अल्कोहोल डिहायड्रोजनेजची तीच खुर्ची पाहिजे असते. नॉनकाँपिटिटिव्ह म्हणजे चार शेगड्यांतल्या दोन बंद, खुर्च्या भरतात तशाच भरतात पण प्लेटा निम्म्या, आणि गर्दी कितीही वाढवा, शेगडी काही पेटत नाही. आणि अनकाँपिटिटिव्ह, जे मला सहा वर्षं कळलं नव्हतं, तो विमा एजंट आहे. रिकाम्या खुर्चीशी त्याला घेणंदेणं नाही, तुम्ही बसलात की तुम्हाला धरतो, आणि मग तुमची मिसळ पण संपत नाही आणि तुम्हाला उठता पण येत नाही. म्हणून व्हीमॅक्स पण पडतो आणि केएम पण, कारण अडकलेल्या माणसांमुळे थोड्या गर्दीतच हॉटेल निम्मं भरतं. एवढंच हवं होतं हो मला कॉलेजात!

इतिहास पण थोडक्यात आणि मस्त सांगितला. मायकेलिस आणि मॉड मेंटेन, बर्लिन, १९१३, साखर फोडणारं इन्व्हर्टेज. मग १९२५ ला ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांचं स्टेडी स्टेट, त्याला उदाहरण सोसायटीच्या टाकीचं, येणारं पाणी आणि जाणारं पाणी सारखं असलं की पातळी हलत नाही, तसं एन्झाइम-सबस्ट्रेट जोडीचं. हाच हॉल्डेन पुढे १९५७ ला भारतात राहायला आला आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारला, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी प्रॅक्टिकल होतं आणि मी क्लासला पैसे देईन तर ह्यासाठी. बटाटा किसून गाळून घेतला, त्या रसात फिल्टर पेपरच्या पंचिंग मशीनने पाडलेल्या टिकल्या बुडवल्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या ग्लासात तळाशी सोडल्या. बटाट्यातलं कॅटलेज ऑक्सिजन सोडतं, टिकलीला बुडबुडे चिकटतात आणि ती वर येते, ते सेकंद मोजायचे. माझे आकडे, ३ टक्क्यांत ६ सेकंद, दीड टक्क्यात ९, पाऊणला १४, आणि त्याच्याही निम्म्यात २९. गंमत अशी की सेकंद म्हणजे रेटचं उलटंच, त्यामुळे उभ्या अक्षावर नुसते सेकंद आणि आडव्यावर एक भागिले कॉन्सन्ट्रेशन घेतलं की लाइनवीवर-बर्क प्लॉट आयता तयार! पण शेवटच्या ग्लासात माझे २९ आणि शेजारच्या मुलीचे ३८, टिकली अर्ध्यात येऊन लटकत राहते ना. आणि तोच पॉइंट कागदावर सगळ्यात लांब उजवीकडे बसतो आणि अख्खी रेष आपल्याकडे ओढतो. म्हणजे ज्या रीडिंगवर सगळ्यात कमी भरवसा त्याचाच सगळ्यात जास्त वट. म्हणून आता केएम काढायला सरळ कर्व्ह फिट करतात आणि हा प्लॉट फक्त इन्हिबिशनचा प्रकार डोळ्यांनी ओळखायला ठेवतात. ग्राफवर पट्टी ठेवून हे बघितल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही. मोरचूद घालून इन्हिबिशन पण दाखवलं, टिकल्या आळसावल्यासारख्या वर आल्या, पण जड धातू एन्झाइमला कुठेही चिकटतात, त्याला पुस्तकी नॉनकाँपिटिटिव्ह म्हणू नका असं सर स्वतःच म्हणाले, ते आवडलं.

आता राग. नोट्सची झेरॉक्स, ३२ पानं, त्यात अनकाँपिटिटिव्ह आणि नॉनकाँपिटिटिव्हचे लाइनवीवर-बर्क ग्राफ अदलाबदल झालेत! समांतर रेषांखाली नॉनकाँपिटिटिव्ह छापलंय. इन्हिबिटर घालून आणि न घालता काढलेल्या रेषा बघितल्या तर समांतर रेषा अनकाँपिटिटिव्हच्या, नॉनकाँपिटिटिव्हच्या आडव्या अक्षावर भेटतात आणि काँपिटिटिव्हच्या उभ्या. ग्रुपवर फोटो टाकून सांगितलं तर तिथल्या ॲडमिन मॅडमचं उत्तर "नोटेड" आणि पुढच्या रविवारी नवीन मुलांना तीच झेरॉक्स. एखादा हेच पाठ करून पेपरला बसला तर? इररिव्हर्सिबल (कायमच्या) इन्हिबिशनला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. बाबा रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात, ते ॲस्पिरिन कॉक्स एन्झाइमला कायमचं चिकटतं आणि प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या पेशीत) न्यूक्लियसच नाही म्हणून तिला नवीन एन्झाइम बनवता येत नाही, तिच्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यभर परिणाम राहतो, हे मी विचारलं म्हणून सांगितलं. नसतं विचारलं तर राहिलंच असतं. रेकॉर्डिंग देणार होते, तीन आठवडे झाले, अजून "अपलोड होतंय".

पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन सरांचे आणि अर्धा बटाट्याचा. जाणार असाल तर पावणेदहाला पोचा, दारासमोरची खुर्ची पकडा, हवा तिथेच लागते, आणि नोट्स हातात आल्या की पान २१ वर पेनने दोन्ही नावं बदलून घ्या.