डेटन ऑडिओ एमए१२४०ए: सहा खोल्यांचा ॲम्प्लिफायर, आणि त्याला स्पीकर जोडताना

एका डब्यात बारा चॅनेल, म्हणजे सहा खोल्यांत स्टीरिओ. दर चॅनेलला ८ ओहमच्या स्पीकरवर ४० वॅट, ४ ओहमवर ६० (ओहम म्हणजे स्पीकरच्या रोधाचं माप; आकडा जितका कमी तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त). फॉल्स सीलिंगमधल्या साडेसहा किंवा आठ इंची स्पीकरला एवढं पुरून उरतं. कीपॅड, ॲप, रिमोट यातलं काहीही नाही. आहे तो निव्वळ ॲम्प्लिफायर, प्रत्येक चॅनेलला लेव्हलचा वेगळा नॉब असलेला. एकच गाणं घरभर वाजवायचं असेल तर बस इनपुट वापरा, म्हणजे सगळ्या चॅनेलना एकच सिग्नल देणारी जोडणी. खोलीगणिक वेगळं हवं असेल तर प्रत्येक झोनला, म्हणजे खोलीला, आपापला स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) लागतो, आणि तो खर्च ॲम्प्लिफायरच्या किमतीत धरलेला नसतो. ज्यांना भिंतीवर बटणं हवीत त्यांनी मोनोप्राइस कंपनीचा सहा झोनवाला ॲम्प्लिफायर बघावा. तो कीपॅडसह मिळतो आणि आरएस-२३२ या सिरियल केबलवरून होम असिस्टंट या घर-ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरलाही जोडता येतो.

आवाज स्वच्छ आहे, त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. या जातीचे ॲम्प्लिफायर बिघडतात ते बहुतेक वेळा जोडणीत.

पहिला हिशोब ओहमचा. एका चॅनेलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की ४ ओहम होतात, आणि तिथेच थांबायचं. हॉल मोठा आहे म्हणून तिसरा टाकला की २.७ ओहम. कमी आवाजात ते चालतंही, म्हणूनच फसायला होतं. पार्टीच्या रात्री आवाज वाढवला की करंट वाढतो, डबा तापतो आणि आतली संरक्षक यंत्रणा त्याला बंद पाडते. मोठ्या हॉलसाठी दोन झोन खर्च करा. बारा चॅनेल घेतलेत ते त्यासाठीच. ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल एकाच स्पीकरला जोडून, जोर वाढवायचा मोह होतो, पण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच ओहम दिसतो: ८ चे ४, ४ चे २. त्यामुळे ब्रिजवर ८ ओहमचा एकच स्पीकर लावायचा, दुसरा नाही.

वायर ओढून झाली की ॲम्प्लिफायर लावण्याआधी प्रत्येक जोडी मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमचा स्पीकर डीसीवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. शून्याच्या जवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा सीलिंगच्या लोखंडी पट्टीत मारलेला स्क्रू वायरमधून गेलेला असतो. आकडाच आला नाही तर वायर तुटलेली आहे किंवा स्पीकरच्या क्लिपमध्ये नीट बसलेली नाही. मग दोन्ही तारा आणि सीलिंगचा लोखंडी सांगाडा यांच्यातही मोजा. तिथे काहीही दिसता कामा नये.

लेफ्ट-राइट दोन्हींचा मायनस एकाच तारेत आणलेली तीन तारांची जुनी जोडणी असेल तर ती जशीच्या तशी वापरू नका. प्रत्येक चॅनेलचा प्लस-मायनस स्वतंत्र हवा. ब्रिजमध्ये तर दोन्ही टोकं ‘गरम’, म्हणजे सिग्नल वाहणारी असतात. त्यातलं एक अर्थिंगला किंवा दुसऱ्या मायनसला लागलं की चॅनेल गेलाच समजा.

वायर १.५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची घ्या. ८ ओहमच्या स्पीकरला ती १५ मीटरपर्यंत ठीक आहे. जाऊन-येऊन ३० मीटरचा रोध साधारण ०.४ ओहम, म्हणजे स्पीकरच्या पाच टक्के. २५ मीटरपर्यंत जायचं असेल तर २.५ ची. ४ ओहमच्या भाराला दोन्ही अंतरं निम्मी धरा. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या ‘स्पीकर वायर’ला ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. तिचा रोध दीडपट भरतो आणि स्क्रूखाली ती लवकर ढिली पडते.

टर्मिनलच्या प्लगमध्ये आठ ते दहा मिलिमीटर वायर सोला. टोकाला सोल्डर लावू नका, दाबाखाली सोल्डर बसत जातं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. फेरूल (तारेच्या टोकावर बसवायची धातूची छोटी नळी) दाबणं उत्तम. एक केसासारखी तार बाहेर राहिली तरी ती शेजारच्या चॅनेलला चिकटते, म्हणून प्लग बसवल्यावर टॉर्च मारून बघा. पॉवर कॉर्ड काढूनच हे सगळं करायचं. मग सगळे नॉब खाली, एकच झोन लावा, हळू आवाजात वाजवा, जमलं की पुढचा. सहाही एकदम लावले तर शॉर्ट कुठल्या खोलीत आहे ते शोधत बसाल.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. मंगल कार्यालयात, दुकानात बसवतात ते सीलिंग स्पीकर बहुधा १०० व्होल्ट लाइनचे (लांब वायरवर अनेक स्पीकर चालवायच्या पद्धतीचे) असतात, पाठीवर ट्रान्सफॉर्मर असलेले. ६ वॅटच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरवर निवडायच्या वॅटच्या जोडणीवर) तो स्पीकर जवळपास १,६६७ ओहमचा होतो. या ॲम्प्लिफायरला लावला तर काही जळत नाही, पण आवाज कुजबुजल्यासारखा येतो, आणि मग ॲम्प्लिफायर खराब म्हणून परत पाठवला जातो. घेताना ‘८ ओहम, ट्रान्सफॉर्मरशिवाय’ असं स्पष्ट सांगा.

आपोआप चालू होण्याची सोय आहे, पण आवाज ओळखून चालू होणं मला पटत नाही: मंद भजन लावलं की मध्येच झोपतो आणि गाण्याची सुरुवात खातो. रिसीव्हरला १२ व्होल्टचा ट्रिगर (तो चालू होताच ॲम्प्लिफायरला चालू करणारा सिग्नल) असेल तर तोच वापरा. रॅकमध्ये वर किमान एक युनिट, म्हणजे साडेचार सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. बंद कपाटात हा तापतोच. बाहेरून मागवलेला असेल तर प्लग लावण्याआधी पाठीवरचा व्होल्टेजचा आकडा वाचा. त्यावर ११५ असेल तर २३० देऊ नका.