महिंद्रा अर्जुन ६०५ फोर-व्हील: औशाच्या काळ्या रानात दोन पावसाळे

मार्च २०२४. हरभरा निघाला होता आणि आमचा जुना महिंद्रा ५७५ दोन फाळी पलटी नांगर घेऊन विहिरीकडच्या वावरात उभा होता. उभाच, कारण मागची चाकं नुसती फिरत होती आणि गडी जागचा हलत नव्हता. धाकटा भाऊ खाली उतरला, टायरला एक लाथ घातली आणि म्हणाला, "दादा, आता ह्याला पाण्याच्या टँकरला जुंपू." ४५ एच.पी.च्या त्या ट्रॅक्टरनं पंधरा वर्षं घर ओढलं होतं, त्यामुळं मला ते लागलं. पण बोलत बरोबर होता.

आमची तीन भावांची मिळून ५८ एकर, वर २० एकर ठोक्यानं. सीलिंगच्या कायद्यात एका कुटुंबाला कोरडवाहू ५४ एकरांच्या वर ठेवता येत नाही, तेव्हा आपल्याकडं मोठी शेती म्हणजे न तुटलेले भाऊ, एवढाच अर्थ. नऊ एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि तूर, सोयाबीनच्या मागं हरभरा. जमीन खोल काळी. अशा रानाला मोठा ट्रॅक्टर लागतो तो जोरापेक्षा दिवसांसाठी. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. तेवढा पडला की रानात पाय घालता येत नाही, मग वाफसा येतो, म्हणजे ओल पेरणीजोगी होते, आणि ऊन पडलं तर तो चार-पाच दिवसांत जातो. एक दिवस आधी शिरलात तर फणाला चिखलाचे गोळे, दोन दिवस उशीर केलात तर ढेकळं. साठ-पासष्ट एकर त्या चार दिवसांत पेरून व्हायला पाहिजे. आमचा सगळा हिशेब ह्या चार दिवसांचा होता.

शोरूममध्ये मात्र पहिला प्रश्न "साहेब, किती एच.पी.?" हाच. आम्ही जॉन डीअर ५४०५ पाहिला, न्यू हॉलंड ३६३० पाहिला, अर्जुन ६०५ पाहिला. एका ठिकाणी पोरगा आम्हाला सारखा ४९ एच.पी.च्या गाडीकडं वळवत होता. कारण उघड आहे. जानेवारी २०२३ पासून ५० एच.पी.च्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम लागले, त्यामुळं वरच्या गाड्यांत कॉमन रेलचं, म्हणजे संगणकाच्या हुकमानं डिझेल सोडणारं इंजिन, सेन्सर, वायरिंग आलं आणि किंमत चढली. ४९ वाल्याला तेव्हा ते काही नव्हतं. पाच-पंचवीस एकरवाल्यानं ४९ च घ्यावा, मी स्वतः एका पाहुण्याला तोच घ्यायला लावला. पण सात फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) आणि पलटी नांगर एकाच गाडीवर चालवायचे असतील तर काळ्या रानात तो धापा टाकतो.

इंजिनचा एच.पी. वेगळा आणि पी.टी.ओ.वर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, मिळणारा वेगळा, तो साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमीच असतो. रोटाव्हेटर फिरतो तो त्या दुसऱ्या आकड्यावर. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासायची संस्था आहे. तिथल्या अहवालात पी.टी.ओ.ची ताकद, ओढ, तासाला डिझेल, लिफ्ट म्हणजे अवजार उचलायची ताकद, सगळं मोजून लिहिलेलं असतं. कॅटलॉगातली लिफ्ट बऱ्याचदा खालच्या दांड्यांच्या टोकाला मोजलेली असते, बुदनीत ती टोकाच्या ६१० मिलिमीटर मागं मोजतात. आपला नांगर लटकतो तो तिथंच, मागं. शोरूममध्ये अहवाल मागितला तर दोघांनी तो शब्दच पहिल्यांदा ऐकला असं तोंड केलं. तिसऱ्यानं मात्र मोबाइलवर काढून दिला.

डेमोचं सांगतो, कारण तिथंच खरं कळलं. एका शोरूमवाल्यांनी त्यांच्याच रानात डेमो ठेवला होता, आधीच नांगरून भुसभुशीत केलेल्या वावरात. तिथं माझ्या आईनंसुद्धा रोटाव्हेटर चालवला असता. मी म्हटलं, आमच्या विहिरीकडच्या वावरात आणा, जिथं ५७५ रुतला तिथं. अर्जुन आला. भावानं मागच्या टायरवर खडूनं रेघ मारली. आधी नांगर उचलून चालवला आणि रेघ दहा वेळा खाली येईपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं: ४२ मीटर. मग नांगर नऊ इंच घातला, पुढची चाकं जोडली, पुन्हा दहा फेरे: ३७ मीटर. म्हणजे घसरण बारा टक्क्यांच्या आसपास. मग खाज म्हणून शेजारच्या तासात ५७५ लावला. त्याचे दहा फेरे रिकामे ४० मीटरचे, नांगर घालून २९. शंभराच्या डिझेलमधले सत्तावीस रुपये आम्ही पंधरा वर्षं नुसते टायर झिजवायला घालत होतो. आबा बांधावर बसून होते. ते एवढंच म्हणाले, "बैल असा घसरला असता तर तुम्ही त्याला मारलं असतं."

पाडव्याला, ९ एप्रिलला, अर्जुन दारात आला. फोर-व्हील, चार सिलिंडर, पुढचे १५ गियर. हे १५ गियर मला कॅटलॉगात दाखवायचे दात वाटले होते, पण रोज कामाला येतात. उसाचं खोडवं मोडताना रोटाव्हेटरला ताशी तीन किलोमीटरच्या खालचा वेग लागतो, सोयाबीनच्या रानात साडेतीन-चार चालतो, पेरणीला पाच. मधला गियर नसला की एक तर इंजिन कण्हतं नाही तर रोटाव्हेटर उडतो. सात फुटी रोटाव्हेटरनं तासाला सव्वा एकर होतं, डिझेल साडेसात लिटरच्या आसपास. रुंद वरंबा-सरीचं पेरणीयंत्र लावलं की तासाला दीड एकर. पहिल्याच वर्षी चार दिवसांत ६१ एकर पेरलं, तेही रात्री दहाच्या आत घरी येऊन. उसाची भरलेली ट्रॉली रानातून काढताना फोर-व्हीलचं काय ते समजतं. डांबरी लागली की मात्र पुढची चाकं सोडवायची, नाहीतर पुढच्या टायरांचं रबर डांबरावर राहतं. आमच्या ड्रायव्हरला हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भावानं वेगळ्या भाषेत सांगितलं.

"सगळ्या कामाला एकच ट्रॅक्टर" हे मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. मागचा टायर १६.९ बाय २८, म्हणजे सव्वाचार-साडेचारशे मिलिमीटर रुंद. पंचेचाळीस सेंटिमीटरवर पेरलेल्या सोयाबीनमध्ये हा गडी शिरला की एक ओळ गेलीच. कोळपणीला आमची बैलजोडी अजून आहे आणि राहील. सरी सोडलेल्या रानात चाक सरीतून काढून एकदा फवारणी करून बघितली, बांधाकडं वळताना दोन वरंबे झोपले. वळायला जागा जास्त लागते. फोर-व्हीलला ते आलंच. आमचे तुकडे तीन-चार एकरांचे, प्रत्येक तासाच्या शेवटी पुढं-मागं करावं लागतं. शटलच्या गियरची, म्हणजे एका दांड्यानं पटकन पुढं-मागं होणारी गाडी थोड्या पैशांसाठी सोडली, ती सोडायला नको होती. पैसे वाचवा पण तिथं नका वाचवू.

एक फटका आम्ही आमच्याच हातानं खाल्ला. पेरणीच्या घाईत शेडमधल्या जुन्या बॅरलचं डिझेल टाकलं. बॅरलच्या बुडाला पाणी आणि गंज. ५७५ ला असलं डिझेल वर्षानुवर्षं पाजलं, त्यानं हूं की चूं केलं नाही. कॉमन रेलच्या इंजिनाला ते चालत नाही. डॅशवर दिवा, मग जोर गेला, मग बंद. वाफशाचा दुसरा दिवस. लॅपटॉप घेऊन मेकॅनिक यायला संध्याकाळ झाली. इंजेक्टर वाचले, फिल्टर आणि टाकीची सफाई एवढ्यावर निभावलं. आता बॅरल गेला, कॅन आला, गाळणी आली, आणि फिल्टरखालच्या कपातलं पाणी रोज सकाळी सोडायचं काम पुतण्याकडं.

डीलरबद्दल लिहायचं तर नाव घेत नाही. पाडव्याला हार, पेढे, फोटो. ट्रॅक्टरच्या तोंडाला लावायची वजनं आणि ट्रॉलीचा हूक "आठ दिवसांत देतो दादा" म्हणाले. वजनं आली जुलैत, पेरणी झाल्यावर. हूक मी बाहेरून बनवून घेतला. पासिंगचे कागद दोन महिने अडकले आणि तोवर ट्रॅक्टर घेऊन साखर कारखान्याच्या रस्त्याला जायची चोरी. जे काही कबूल करतील ते पावतीवर लिहून घ्या, फोनवरचं "देतो" धरू नका.

२०२५ च्या सप्टेंबरमधल्या पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. आमचं ओढ्याकडचं सोळा एकर सोयाबीन उभ्यानं सडलं. रान वाफशावर यायला दिवाळी उलटली, वर जमीन अशी दबलेली की फण वरच्यावर नाचत होता. तिथं दोनदा रोटाव्हेटर मारून हरभरा पेरला, उशिरा का होईना. ५७५ वर ते झालं नसतं, हे मी खडूशिवाय सांगतो. त्या कामात अर्जुन ओढ्याच्या कडेला एकदा बंपरपर्यंत रुतला. वजनदार गाडी रुतली की तशीच रुतते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि आमचा ५७५, दोघांना साखळी लावून काढला. भाऊ त्या दिवशी टँकरचं काही बोलला नाही.

राहिलं पैशाचं. आम्ही घेतला तेव्हा जीएसटी १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, तो ५ टक्क्यांवर आला. दर दहा लाखांमागं सत्तर हजारांचा फरक, आणि बँकेचा सहामाही हप्ता तोच. आता घेणाऱ्यांचं नशीब. आमचे पुढचे टायर ड्रायव्हरच्या कृपेनं लवकर बदलायला आलेत, त्यांच्यावर तरी १८ ऐवजी ५ लागतील.